मद्यपान चाळणी प्रश्नावली

मद्यपान चाळणी प्रश्नावली म्हणजे रुग्णाचे मद्यपान आरोग्याला धोकादायक पातळीवर पोहोचले आहे का, हे ठरावीक आणि मोजक्या प्रश्नांद्वारे ओळखण्याचे साधन होय. अशा प्रश्नावलीत सामान्यतः १ ते १० प्रश्न असतात. प्रत्येक उत्तराला गुण दिले जातात आणि गुणांच्या बेरजेवरून पुढील कृती ठरते. ही प्रश्नावली रोगनिदान करत नाही. अधिक चौकशीची गरज कोणाला आहे, एवढेच ती दाखवते. प्राथमिक आरोग्य केंद्रे, बाह्यरुग्ण विभाग, अपघात विभाग, प्रसूतिपूर्व तपासणी आणि कारखान्यांतील आरोग्य तपासणी येथे तिचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने विकसित केलेली 'ऑडिट', तिचे संक्षिप्त रूप 'ऑडिट-सी', 'केज' आणि 'असिस्ट' या प्रश्नावल्या विशेष प्रचलित आहेत. भारतात या पद्धतीचा एक महत्त्वाचा वापर गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झाला.

संकल्पना

चाळणी तपासणीचा मुख्य रोख व्यसनाच्या अखेरच्या टप्प्यावरील रुग्णांवर नसतो. असे रुग्ण कुटुंबीयांच्या आणि डॉक्टरांच्या सहज लक्षात येतात. ज्यांचे काम, संसार आणि दिनक्रम वरवर सुरळीत चालू आहे, परंतु मद्यपानामुळे ज्यांचा रक्तदाब वाढत आहे, यकृताला इजा होत आहे किंवा अपघाताचा धोका वाढला आहे, अशा व्यक्ती सहसा दुर्लक्षित राहतात. त्यांच्या बाबतीत थोडक्या समुपदेशनाचाही उपयोग होऊ शकतो.

या क्षेत्रात मद्यपानाचे पुढील प्रकार मानले जातात.

• धोकादायक मद्यपान: अद्याप इजा झालेली नाही, परंतु पिण्याच्या प्रमाणामुळे किंवा पद्धतीमुळे ती होण्याची शक्यता वाढली आहे.
• हानिकारक मद्यपान: शारीरिक किंवा मानसिक इजा प्रत्यक्ष झाली आहे.
• मद्यावलंबित्व: पिण्यावरील ताबा सुटणे, तीव्र ओढ लागणे, तेवढ्याच परिणामासाठी अधिक मद्य लागणे आणि मद्य थांबवल्यावर थरथर, घाम, निद्रानाश यांसारखी लक्षणे उद्भवणे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या 'डीएसएम-५' या वर्गीकरणात ११ निकषांवर आधारित 'मद्यसेवन विकार' ही एकच संज्ञा वापरली आहे. १२ महिन्यांच्या काळात त्यांपैकी किमान २ निकष पूर्ण झाल्यास हे निदान केले जाते. चाळणीत जास्त गुण मिळालेल्या व्यक्तीची अशा निकषांनुसार स्वतंत्र तपासणी करावी लागते.

इतिहास

सुरुवातीच्या प्रश्नावल्या व्यसनाधीन व्यक्ती ओळखण्यासाठी तयार झाल्या. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ मेल्विन सेल्झर यांनी १९७१ मध्ये २५ प्रश्नांची 'मिशिगन अल्कोहोलिझम स्क्रीनिंग टेस्ट' प्रसिद्ध केली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील जॉन युइंग यांनी तयार केलेली ४ प्रश्नांची 'केज' ही प्रश्नावली १९८४ मध्ये विस्तृत लेखाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. लक्षात ठेवण्यास सोपी असल्यामुळे ती जगभरातील वैद्यकीय शिक्षणात रूढ झाली.

१९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वेगळ्या दिशेने काम सुरू केले. व्यसन जडण्यापूर्वीच धोका ओळखेल आणि निरनिराळ्या देशांत चालेल अशी प्रश्नावली तयार करणे हा त्यामागील हेतू होता. ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या ६ देशांतील प्राथमिक आरोग्य सेवेच्या सुमारे १,९०० रुग्णांकडून माहिती घेऊन 'अल्कोहोल यूज डिसऑर्डर्स आयडेंटिफिकेशन टेस्ट' तयार करण्यात आली. 'ऑडिट' हे तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेले नाव आहे. लेखापरीक्षणाशी त्याचा संबंध नाही. तिच्या विकासाचा सविस्तर शोधनिबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती २००१ मध्ये निघाली.

प्रमुख प्रश्नावल्या

केज: या नावातील चार अक्षरे 'कट डाउन', 'अ‍ॅनॉयड', 'गिल्टी' आणि 'आय-ओपनर' या शब्दांची आहेत. मद्य कमी करावे असे कधी वाटले का, इतरांच्या टीकेचा राग आला का, पिण्याबद्दल अपराधी वाटले का आणि सकाळी उठताच पिण्याची गरज भासली का, असे हे चार प्रश्न आहेत. दोन किंवा अधिक होकारार्थी उत्तरे मिळाल्यास पुढील तपासणी आवश्यक मानतात. या प्रश्नांत प्रमाण आणि वारंवारता विचारली जात नाही. शिवाय ते संपूर्ण आयुष्याविषयी असल्यामुळे पूर्वीची आणि सध्याची समस्या त्यांतून वेगळी करता येत नाही.

ऑडिट: यात १० प्रश्न असून एकूण गुण ० ते ४० असतात. पहिले ३ प्रश्न पिण्याची वारंवारता, एका दिवसातील प्रमाण आणि एका वेळी ६ किंवा अधिक प्रमाण पेये घेण्याची वारंवारता यांविषयी आहेत. पुढील ३ प्रश्न मद्यावलंबित्वाच्या खुणांविषयी आहेत. सुरू केल्यावर थांबता न येणे, नेहमीची कामे न होणे आणि सकाळी पिण्याची गरज लागणे यांचा त्यांत समावेश होतो. शेवटचे ४ प्रश्न अपराधीपणाची भावना, आदल्या रात्रीचे न आठवणे, स्वतःला किंवा दुसऱ्याला झालेली दुखापत आणि नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टरांनी व्यक्त केलेली काळजी यांविषयी आहेत. ८ किंवा अधिक गुण हा धोक्याचा सर्वमान्य उंबरठा आहे.

ऑडिट-सी: ऑडिटमधील पहिल्या ३ प्रश्नांचे हे संक्षिप्त रूप १९९८ मध्ये मांडण्यात आले. एकूण गुण ० ते १२ असतात. पुरुषांसाठी ४ आणि स्त्रियांसाठी ३ गुणांचा उंबरठा सामान्यतः वापरला जातो.

असिस्ट: जागतिक आरोग्य संघटनेची ही ८ प्रश्नांची प्रश्नावली मद्यासोबत तंबाखू, गांजा, अफूजन्य पदार्थ आणि झोपेच्या गोळ्या अशा अनेक पदार्थांची चौकशी करते. मद्यासाठी ११ ते २६ गुण मध्यम आणि २७ किंवा अधिक गुण तीव्र जोखीम दर्शवतात.

याखेरीज ऑडिटमधील ४ प्रश्नांवर आधारित 'फास्ट', गर्भवती स्त्रियांसाठीच्या 'टी-एस' व 'ट्वीक' आणि गेल्या वर्षभरात एका दिवसात ठरावीक प्रमाणाहून अधिक मद्य किती वेळा घेतले, हा एकच प्रश्न विचारण्याची पद्धतही प्रचलित आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ मध्ये १८ वर्षांवरील सर्व प्रौढांसाठी, गर्भवती स्त्रियांसह, अशा चाळणीची शिफारस केली. १२ ते १७ वयोगटासाठी पुरेसा पुरावा नसल्याचे मत तिने नोंदवले.

प्रमाण पेय आणि स्थानिक मापे

ऑडिटमध्ये मद्याचे प्रमाण 'प्रमाण पेय' या एककात मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार एका प्रमाण पेयात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. मिलिलिटरमधील आकारमान, बाटलीवरील टक्केवारीचा शंभरावा भाग आणि ०.७९ या तीन संख्यांचा गुणाकार केल्यास अल्कोहोलचे वजन ग्रॅममध्ये मिळते. महाराष्ट्रात परिचित असलेल्या मापांचा हिशेब पुढीलप्रमाणे आहे.

• ३० मिलि पेग, ४२.८ टक्के: सुमारे १० ग्रॅम, १ प्रमाण पेय
• ९० मिलि बाटली, ४२.८ टक्के: सुमारे ३० ग्रॅम, ३ प्रमाण पेये
• १८० मिलि क्वार्टर, ४२.८ टक्के: सुमारे ६१ ग्रॅम, ६ प्रमाण पेये
• ६५० मिलि बिअर, ५ टक्के: सुमारे २६ ग्रॅम, अडीच प्रमाण पेये
• ६५० मिलि स्ट्राँग बिअर, ८ टक्के: सुमारे ४१ ग्रॅम, ४ प्रमाण पेये
• १५० मिलि वाइन, १२ टक्के: सुमारे १४ ग्रॅम, जवळजवळ दीड प्रमाण पेय

हे रूपांतर चुकल्यास चाळणीचा निष्कर्ष उलटा होऊ शकतो. उदाहरणार्थ, दर आठवडी बाजाराच्या दिवशी एक क्वार्टर पिणारा आणि इतर दिवशी न पिणारा पुरुष घेतल्यास ऑडिट-सीमध्ये त्याला वारंवारतेचे २, प्रमाणाचे २ आणि एका वेळी ६ पेये दर आठवड्याला घेतल्याचे ३, असे एकूण ७ गुण मिळतात. हे गुण ४ च्या उंबरठ्याहून बरेच अधिक आहेत. मात्र 'एक क्वार्टर' हे उत्तर 'एक पेय' असे नोंदवले गेल्यास प्रमाणाच्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे गुण शून्य होतात, बेरीज २ वर येते आणि तीच व्यक्ती कमी जोखमीची ठरते. या कारणाने 'किती पेये घेता' असे विचारण्याऐवजी कोणते मद्य, कोणत्या मापाने आणि बाटली किती जणांत, असे विचारून हिशेब तपासणाऱ्याने करणे अधिक विश्वसनीय असते.

हातभट्टीची दारू, मोहाची दारू आणि ताडी यांवर टक्केवारी छापलेली नसते आणि त्यांची तीव्रता प्रत्येक वेळी वेगळी असते. त्यामुळे त्यांचा हिशेब अंदाजानेच करावा लागतो. अशा वेळी परिणामांविषयीच्या प्रश्नांना अधिक महत्त्व येते.

गुणांचा अर्थ आणि पुढील कृती

ऑडिटच्या मार्गदर्शिकेत गुणांनुसार ४ स्तर सुचवले आहेत.

• ० ते ७ गुण: मद्याविषयी सामान्य आरोग्यशिक्षण
• ८ ते १५ गुण: प्रमाण कमी करण्याचा साधा सल्ला
• १६ ते १९ गुण: संक्षिप्त समुपदेशन आणि पाठपुरावा
• २० ते ४० गुण: सविस्तर निदान आणि उपचारांसाठी तज्ज्ञाकडे पाठवणे

कमी गुण म्हणजे मद्यपान निर्धोक असल्याचा दाखला नव्हे. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. गर्भावस्था, यकृताचे आजार, झोपेची किंवा फिट्सवरील औषधे आणि वाहन चालवणे अशा परिस्थितींत कमी प्रमाणही धोकादायक ठरते.

संक्षिप्त समुपदेशन ५ ते ३० मिनिटांचे असते. त्यात रुग्णाला त्याचे गुण सांगणे, मद्यपानाचा त्याच्या तक्रारीशी असलेला संबंध दाखवणे, पर्याय मांडणे आणि निर्णय त्याच्यावर सोपवणे या पायऱ्या असतात. उपदेश किंवा दटावणी टाळली जाते. २०१८ मधील कॉक्रेन समीक्षेत ६९ अभ्यासांचा विचार करण्यात आला. संक्षिप्त समुपदेशन मिळालेल्या व्यक्तींचे मद्यसेवन एका वर्षानंतर तुलनेच्या गटापेक्षा आठवड्याला सरासरी सुमारे २० ग्रॅमने कमी आढळले. हा परिणाम लहान आहे, परंतु त्यासाठी लागणारा वेळ आणि खर्चही कमी असतो.

२० किंवा अधिक गुण मिळालेल्या व्यक्तीला 'आजपासून बंद करा' एवढाच सल्ला देणे घातक ठरू शकते. मद्यावलंबित्व असलेल्या व्यक्तीने मद्य एकाएकी थांबवल्यास फिट्स येणे किंवा भ्रम, तीव्र कंप आणि ताप असलेली 'डिलिरियम ट्रेमेन्स' ही जीवघेणी अवस्था उद्भवू शकते. त्यामुळे अशा व्यक्तीचे मद्य वैद्यकीय देखरेखीखाली, आवश्यक औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन थांबवले जाते.

भारतातील स्थिती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्याशी संबंधित समस्यांसाठी मदतीची गरज आहे. मद्यावलंबित्व असलेल्या ३८ व्यक्तींपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाची मदत मिळाल्याचे त्यात आढळले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही मद्यविकारांसाठी उपचारांतील तफावत सुमारे ८६ टक्के होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील मद्यपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के आणि गोव्यात सुमारे ३७ टक्के होते.

गोव्यातील अभ्यास

गोव्यातील कारखान्यांच्या कामगारांवर ऑडिट वापरून केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक पंचमांश कामगारांचे मद्यपान धोकादायक पातळीवर आढळले.

त्यानंतर 'संगत' या गोव्यातील स्वयंसेवी संस्थेने अभिजित नाडकर्णी आणि विक्रम पटेल यांच्या सहभागाने 'काउन्सेलिंग फॉर अल्कोहोल प्रॉब्लेम्स' ही समुपदेशन पद्धत विकसित केली. २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या १८ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची ऑडिटद्वारे चाळणी झाली. १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करण्यात आले. एका गटाला केंद्राची सुधारित नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला त्यासोबत समुपदेशनाच्या कमाल ४ बैठकी मिळाल्या. समुपदेशक मानसोपचाराची व्यावसायिक पदवी नसलेले, परंतु या कामासाठी प्रशिक्षित केलेले स्थानिक कार्यकर्ते होते.

'द लॅन्सेट' या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३ महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्या गटातील ३६ टक्के आणि दुसऱ्या गटातील २६ टक्के पुरुषांचे गुण ८ च्या खाली आले. मद्यापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते. मात्र जे पीत राहिले त्यांच्या दैनंदिन प्रमाणात दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. १२ महिन्यांनंतरच्या पाहणीतही समुपदेशनाचा लाभ टिकून होता. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या भागातही चाळणी आणि समुपदेशन एकत्र राबवता येते, हे या अभ्यासाने दाखवले. अभ्यासात केवळ पुरुष असल्यामुळे त्याचे निष्कर्ष स्त्रियांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

आशा कार्यकर्तीचा तपासणी तक्ता

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्ती घरोघरी 'सीबॅक' नावाचा तक्ता भरतात. वय, तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि कौटुंबिक इतिहास यांसोबत रोज मद्यपान करता का, हा प्रश्न त्यात असून होकारार्थी उत्तरास १ गुण आहे. मद्यविषयक प्रश्न या मार्गाने घराघरांत पोहोचला आहे. तथापि हा प्रश्न केवळ रोजच्या पिण्यापुरता आहे. वर उल्लेखिलेल्या आठवडी बाजाराच्या दिवशी क्वार्टर पिणाऱ्या पुरुषाला येथे शून्य गुण मिळतात. एका वेळी खूप पिण्याची सवय अपघात आणि हिंसेशी निगडित असते. ती शोधण्यासाठी ऑडिट-सीमधील तिसऱ्या प्रश्नासारखा प्रश्न लागतो.

नाशिक जिल्हा आणि महाराष्ट्र

नाशिक जिल्ह्याच्या उदाहरणावरून एकाच जिल्ह्यात चाळणीच्या गरजा किती भिन्न असू शकतात हे दिसते. दिंडोरी आणि निफाड हे तालुके द्राक्षशेतीचे असून नाशिक देशातील वाइननिर्मितीचे प्रमुख केंद्र आहे. सातपूर, अंबड आणि सिन्नर येथे औद्योगिक वसाहती आहेत. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर हे पश्चिमेकडील तालुके आदिवासीबहुल आहेत. वाइनचा प्याला, क्वार्टर आणि घरगुती दारूचा पेला यांना एकच 'पेय' मानल्यास अशा जिल्ह्यातील नोंदी परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत. राज्यातील आरोग्यशिक्षणाची शिखर संस्था असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) नाशिक येथेच आहे.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात महाराष्ट्रात दीर्घ परंपरा आहे. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असून तेथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम राबवला जातो. व्यसनमुक्ती केंद्रात येणारा रुग्ण बहुधा शेवटच्या टप्प्यावर असतो. चाळणी प्रश्नावली त्याआधीच्या टप्प्यासाठी असल्यामुळे ही दोन्ही कामे परस्परपूरक ठरतात.

अचूकता आणि मर्यादा

प्रश्नावलीची अचूकता संवेदनशीलता आणि विशिष्टता या दोन मापांनी सांगितली जाते. समस्या असलेल्यांपैकी किती जण सापडले हे पहिले माप दाखवते. समस्या नसलेल्यांपैकी किती जण योग्य रीतीने वगळले गेले हे दुसरे माप दाखवते. समजा १,००० रुग्णांपैकी १०० जणांना समस्या आहे आणि प्रश्नावलीची संवेदनशीलता ९० टक्के व विशिष्टता ८५ टक्के आहे. अशा वेळी ९० जण अचूक सापडतात आणि १० निसटतात. समस्या नसलेल्या ९०० पैकी १३५ जणही उंबरठ्यावर जातात. उंबरठा ओलांडलेल्या एकूण २२५ जणांपैकी ९०, म्हणजे ४० टक्केच प्रत्यक्ष समस्याग्रस्त असतात. केवळ गुणांवरून कोणालाही 'व्यसनी' ठरवणे चुकीचे का आहे, हे या हिशेबातून स्पष्ट होते.

दुसरी मर्यादा उत्तरांच्या प्रामाणिकपणाची आहे. 'दारू पिता का' या थेट प्रश्नाला लाजेपोटी नकार मिळण्याची शक्यता असते. बिअर, वाइन किंवा ताडी यांना अनेक जण 'दारू' समजत नाहीत. पत्नी, सासू किंवा वरिष्ठ सोबत असल्यास उत्तर बदलू शकते. स्त्रियांच्या बाबतीत सामाजिक कलंक अधिक असतो आणि त्यांना हा प्रश्न विचारणेच टाळले जाते. झोप, आहार, तंबाखू आणि मशेरी यांच्या चौकशीसोबत, सर्व रुग्णांना सारखेच विचारत असल्याचे सांगून आणि एकांतात विचारल्यास संकोच कमी होतो. निरक्षर व्यक्तींसाठी प्रश्न वाचून दाखवले जातात.

गामा जीटी किंवा तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान यांसारख्या रक्तचाचण्या पूरक म्हणून वापरल्या जातात. तथापि धोकादायक मद्यपानाच्या सुरुवातीच्या टप्प्यात त्या अनेकदा सामान्य येतात. त्यामुळे त्या प्रश्नावलीची जागा घेऊ शकत नाहीत.

गोपनीयता आणि कायदा

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार राज्यात मद्य बाळगण्यासाठी व सेवनासाठी परवाना आवश्यक आहे. प्रत्यक्षात अनेक जण परवान्याशिवाय मद्यपान करतात. त्यामुळे शासकीय रुग्णालयात दिलेल्या उत्तराचा आपल्याविरुद्ध उपयोग होईल, अशी भीती रुग्णाला वाटू शकते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. आपल्या आजाराविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा रुग्णाचा हक्कही हा कायदा मान्य करतो. कारखान्यातील तपासणीत गुण व्यवस्थापनाच्या हाती गेल्यास नोकरी धोक्यात येण्याच्या भीतीने खरी उत्तरे मिळत नाहीत. अशा ठिकाणी वैयक्तिक नोंदी वैद्यकीय विभागापुरत्या मर्यादित ठेवणे आवश्यक असते.

हेही पहा

• मद्यपान
• व्यसनमुक्ती
• मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र
• प्राथमिक आरोग्य केंद्र
• जागतिक आरोग्य संघटना
• महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ